पिंडी, सुपारी आणि अर्धी डाळ

महादेवाच्या पिंडीबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे लोक एक तर लाजतात, नाही तर भांडतात. लाजणारे म्हणतात, तो ज्योतीचा स्तंभ आहे, बाकी काही नाही, विषय संपला. भांडणारे म्हणतात, अहो सरळसरळ लिंग आणि योनी आहे, लपवता कशाला? गेले काही महिने मी या विषयावर जमेल तसं वाचतो आहे. कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच. (घरातली मंडळी इथे येऊन वाचतात याची मला पूर्ण कल्पना आहे. किंबहुना त्यांच्यासाठीच हा प्रपंच!) लेख लांबला आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

सुरुवात देवघरापासून करू. आमच्याकडे पंचायतन आहे. त्यातला महादेव म्हणजे नर्मदेतला बाण. गुळगुळीत, लांबट, लिंबाएवढा. तो पितळेच्या शाळुंकेत बसवलेला. लहानपणी पूजेची पाळी माझ्यावर आली की बाण उचलून ताम्हनात ठेवायचा, शाळुंका वेगळी घासायची आणि मग बाण पुन्हा तिच्यात ठेवायचा. वस्तू दोन आहेत हे हाताला ठाऊक होतं, पण तोंडात नाव एकच, पिंडी. घरोघरी हे असंच चालत असणार.

देवळातल्या दगडी पिंडीची रचना याहून गुंतागुंतीची असते. शास्त्राप्रमाणे घडवलेल्या लिंगाचे तीन भाग असतात. तळाचा चौकोनी तो ब्रह्मभाग, मधला अष्टकोनी तो विष्णुभाग आणि वरचा गोल तो रुद्रभाग. पहिले दोन भाग जमिनीत आणि शाळुंकेच्या पोटात जातात, आपल्याला दिसतो तो फक्त तिसरा. म्हणजे आपण जिला बैठक समजतो त्या शाळुंकेने निम्म्याहून जास्त देव आपल्यात सामावून घेतलेला असतो. तिची धार बहुधा उत्तरेकडे काढलेली असते आणि ती ओलांडायची नाही म्हणून आपण शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालून मागे फिरतो.

आता भांडणाकडे वळू. आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गुडीमल्लम नावाचं गाव आहे. तिथलं लिंग आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या लिंगांपैकी एक आहे. बहुतेक अभ्यासक ते इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातलं मानतात. माणसाच्या उंचीच्या जवळ जाणारं हे लिंग, त्याच्या पुढच्या अंगावर उभा शिव कोरलेला आणि शिवाच्या पायाखाली बुटका यक्ष. आकार इतका वास्तव आहे की 'ज्योतीचा स्तंभ, बाकी काही नाही' म्हणणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. पण गंमत अशी की या लिंगाला आपण ओळखतो तशी शाळुंका नाही. लिंगाला पीठ आणि त्या पीठाला योनीचा अर्थ, ही जोडणी पुढच्या काही शतकांत हळूहळू पक्की होत गेली.

अर्थ मात्र जुनाच आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात उपमन्यूची गोष्ट येते. तो इंद्राला सुनावतो, ही प्रजा बघ. हिच्या अंगावर कमळाची खूण नाही, चक्राची नाही, वज्राचीही नाही. खुणा आहेत त्या लिंगाच्या आणि योनीच्या. तेव्हा ही सगळी प्रजा महेश्वराची आणि देवीची. इतका उघड, इतका निर्मळ युक्तिवाद मी दुसरीकडे वाचलेला नाही. आणि दुसरीकडे अग्निस्तंभाची कथाही पुराणांत आहेच. ब्रह्मा वर जातो, विष्णू खाली जातो आणि दोघांनाही टोक सापडत नाही ती. म्हणजे दोन्ही अर्थ परंपरेत शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एकाच अर्थासाठी हट्ट धरण्याची खोड आपली, नाही का?

हे सगळं फक्त जोडीचंच होतं असंही नाही. देवी एकटीही पुजली जात होती. मराठवाड्यात तेर, भोकरदन इथे लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या आहेत. शिर नाही किंवा शिराच्या जागी कमळ, पाय फाकलेले, प्रसवाच्या आसनातली बाई. रा. चिं. ढेऱ्यांनी १९७८ साली 'लज्जागौरी' हे अख्खं पुस्तक या देवीवर लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. सर्जन म्हणजे भूमी आणि भूमी म्हणजे आई, ही श्रद्धा किती खोल आहे ते त्यातून कळतं. शिवाय आपली तुळजापूरची भवानी काय किंवा कोल्हापूरची अंबाबाई काय, गाभाऱ्यात ती कुणाची बायको म्हणून उभी नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अर्धनारीनटेश्वर. या कल्पनेचं बीज शोधत गेलो तर बृहदारण्यक उपनिषदात पोचतो. आरंभी एकटाच आत्मा होता. एकटेपणात त्याला करमेना. एकमेकांना मिठीत घेतलेले स्त्री-पुरुष मिळून जेवढे होतात तेवढा तो होता. मग त्याने स्वतःचे दोन भाग केले, त्यातून पती आणि पत्नी झाले. तिथेच याज्ञवल्क्याच्या नावावर एक दाखला आहे. आपण प्रत्येक जण म्हणजे फोडलेल्या दाण्याची अर्धी डाळ. मला हा दाखला फार आवडला. कारण त्यात स्वयंपाकघर आहे! डाळीची दोन्ही दलं सारखीच असतात. यातलं डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते कुणाला सांगता येणार नाही.

शिल्पात ही कल्पना मथुरेला कुषाणांच्या काळात दिसू लागते. त्याच सुमाराचा एक परदेशी पुरावाही आहे. बार्देसानेस नावाचा सिरियातला लेखक (जन्म इ. स. १५४, मृत्यू २२२) भारतातून आलेल्या वकिलांना भेटला होता. त्यांनी त्याला डोंगरातल्या एका गुहेचं वर्णन सांगितलं. आत दहा-बारा हात उंच मूर्ती, उजवं अंग पुरुषाचं, डावं स्त्रीचं. पुढे स्टोबायस या संकलनकाराने ते उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. वाचल्यावर कुणाही मुंबईकराच्या मनात घारापुरी येणार, पण ती नव्हे. घारापुरीचं मुख्य लेणं सहाव्या शतकातलं, म्हणजे या नोंदीनंतर तीनेकशे वर्षांनी खोदलेलं.

घारापुरीला आपण सगळे कधी ना कधी गेलेलो असतो. शाळेच्या सहलीत गेलो असू तर माकडं जास्त आठवतात! तिथे त्रिमूर्ती म्हणतात त्या सदाशिवासमोर उभे राहिलात की डाव्या हाताला अर्धनारीनटेश्वराचा पट आहे, साधारण ५ मीटर उंच. शिवाच्या अंगाने नंदीवर रेललेला आणि पार्वतीच्या अंगाने कमरेत लवलेला. एका हातात नाग, दुसऱ्या बाजूच्या हातात आरसा. भोवती कमळावर ब्रह्मा, ऐरावतावर इंद्र, गरुडावर विष्णू. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि मूर्तींची नासधूस झाली. नंतरच्या युरोपीय प्रवाशांनी हे एका स्तनाचं शिल्प पाहिलं आणि त्यांच्या दंतकथेतली लढवय्यी अॅमेझॉन बाई समजून मोकळे झाले. शेजारचाच सदाशिव पाहा. त्याच्या तीन मुखांपैकी आपल्या उजवीकडचं, हातात कमळ असलेलं मुख बायकी आणि कोवळं आहे. अनेक अभ्यासक ते उमेचं मानतात. म्हणजे त्या लेण्यात शिव सगळा पुरुष असा क्वचितच आहे.

बदामीच्या पहिल्या लेण्यातला अर्धनारी मला जास्त बोलका वाटतो. त्याच्या शेजारी हाडांचा सापळा उभा आहे, हात जोडून. हा भृंगी. याची गोष्ट अशी. भृंगी ऋषी शिवाचा कट्टर भक्त. प्रदक्षिणा घालायची तर फक्त शिवाला, पार्वतीला नाही. पार्वती शिवाला बिलगून बसली तर हा मधून वाट काढायला बघू लागला. मग दोघं एकाच देहाचे झाले. तर या पठ्ठ्याने भुंग्याचं रूप घेतलं आणि दोन अर्धांच्या मधून भोक पाडून फक्त शिवाभोवती फिरायचा घाट घातला! पार्वती संतापली. म्हणाली, तुला आईचं काही नको ना, मग आईकडून आलेलं सगळं परत दे. त्याचं रक्त गेलं, मांस गेलं, उरली ती हाडं. उभं राहता येईना तेव्हा शिवाने दया येऊन त्याला तिसरा पाय दिला.

यात आईचं म्हणजे रक्त-मांस हे कुठून आलं? ते आयुर्वेदातलं आहे. गर्भाचे मऊ भाग, म्हणजे रक्त, मांस, मेद, हृदय, हे आईकडून येतात आणि हाडं, दात, नखं, केस असे कठीण भाग बापाकडून, असं चरक-सुश्रुतांच्या शारीरस्थानात सांगितलं आहे. म्हणजे ही नुसती नवरा-बायकोची गोष्ट नाही. प्रत्येक माणसाच्या अंगात दोन्ही अर्धं असतात, बाई असो की पुरुष, लग्न झालेलं असो की नसो. ते सोलून वेगळं करायला गेलात तर सापळा होईल, असं ही गोष्ट सांगते.

पण मी वकिली करायला बसलेलो नाही, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात तिरुवेंकाडूची अकराव्या शतकातली चोळांची ब्राँझची अर्धनारी मूर्ती आहे. डोळे निवतात इतकी सुंदर. पण हात मोजा. उजव्या, शिवाच्या बाजूला दोन आणि डाव्या, पार्वतीच्या बाजूला एक! शिवाय नाव बघा. 'अर्धनारीश्वर' म्हणजे अर्धी नारी असलेला ईश्वर. मुळात देव तो, त्यात अर्धी ती. अर्धा पुरुष असलेली देवी असं नाव रूढ झालं नाही. तिची जागा बहुतेक ठिकाणी डावीकडे, म्हणून 'वामांगी'. डाळीची दोन दलं सारखी होती खरी, पण मूर्ती घडवताना छिन्नी पुरुषाच्या हातात होती.

या सगळ्यात मला सर्वांत मोकळं वाटलं ते आपल्या ज्ञानोबांचं 'अमृतानुभव'. सुमारे ८०० ओव्यांच्या या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण शिव-शक्तीच्या ऐक्यावर आहे. तिथे देव आणि देवी हे जगाचे आईबाप म्हणून येतात आणि कोण कुणाचा आधार हे ठरवताच येत नाही. एका ठिकाणी तर घरधनी निजला असता घरधनीण जागी राहून एकटीच दोघांचा संसार चालवते, अशा अर्थाची कल्पना आहे. तेराव्या शतकात नेवाशाला बसून एक तरुण मुलगा हे लिहितो! त्याच्या मनासमोर कुठली बाई असेल? मला तर अशा खूप बायका आठवल्या.

आता घरगुती कारण.

माझ्या ताईचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. भाची तेव्हा शाळेत होती. ताईने नोकरी करून तिला शिकवलं, मोठं केलं. ती आता लग्नाला उभी आहे. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, हॉल ठरला आहे, मामाकडची पिवळी साडीही घेऊन झाली. (गौरीहराला बसताना नेसायची ती. रंग भाचीने स्वतः पसंत केला, मामाचं फक्त कार्ड.) प्रश्न राहिला एकच. कन्यादानाला कोण बसणार? सर्वांनी गृहीत धरलं आहे की काका-काकू बसतील. काका-काकूंबद्दल माझी तक्रार नाही. ते अतिशय प्रेमळ आहेत आणि त्यांनी ताईला खूप आधार दिला. पण ताईला कुणी विचारलंच नाही. ती स्वतः काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "मी मागे खुर्चीवर बसेन, पाहुण्यांकडेही बघावं लागेल ना."

त्या दिवशी मला सुपारी आठवली. बायको हयात नसलेल्या पुरुषाला एखादं धर्मकृत्य करायचं असलं की तो कमरेला सुपारी खोचतो. ती सुपारी म्हणजे त्याची बायको. खुद्द रामाने अश्वमेधाला सोन्याची सीता शेजारी बसवली, असं उत्तरकांडात आहेच. यज्ञाला पत्नी लागतेच हा त्यामागचा विचार. 'पत्नी' हा शब्दच पाणिनीने यज्ञाशी असलेल्या संबंधातून सिद्ध केला आहे. म्हणजे तत्त्व उत्तम आहे, एकट्याने धर्म होत नाही. पण नवरा नसलेल्या बाईसाठी अशी सुपारी कुणी काढली नाही. तिच्या बाबतीत आपण म्हणतो, अर्धं अंग गेलं, आता तू मागे बस. आणि नवरा असताना तरी काय? त्याच्या हाताला हात लावून बसायचं. मंत्र त्याचे, पाणी त्याच्या हातून, हिचा फक्त स्पर्श. चेन्नईच्या मूर्तीतला तो एक हात मला इथे पुन्हा दिसला.

मग मी धर्मशास्त्र काय म्हणतं ते शोधलं. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात कन्या देण्याचा अधिकार कुणाकुणाला याची यादी आहे. बाप, आजोबा, भाऊ, कुळातला पुरुष आणि आई. आधीचा नसेल तर पुढचा. आई शेवटी आहे, हे खरंच. पण आहे! शास्त्रात बसत नाही असं जे आपण छातीठोकपणे म्हणतो, ते तसं नाही. ही स्मृती उपनिषदापेक्षा पुष्कळ शतकं नंतरची, पण परंपरेने ती त्याच याज्ञवल्क्याच्या नावावर आहे, अर्ध्या डाळीचा दाखला देणाऱ्या. कुणी म्हणेल, यादीत काका आधी येतात, कुळातला पुरुष म्हणून. मान्य. पण ती यादी जेव्हा झाली तेव्हा बाईला पोसणारा आणि मुलगी वाढवणारा कुळातला पुरुष असे. इथे ती दोन्ही कामं नऊ वर्षं कुणी केली ते आपल्या घरात सर्वांना माहीत आहे.

आणि काळही थांबलेला नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, त्या लग्नं लावतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. हेरवाड हे शिरोळ तालुक्यातलं गाव. तिथल्या लोकांना जे जमलं ते आपल्याला, चार बुकं शिकलेल्यांना, जमू नये?

एका आप्तांनी मला शांतपणे विचारलं की, अरे पण तूच सांगतोस ना, दोन अर्धं मिळून पूर्ण? मग एक अर्धं गेल्यावर ती पूर्ण कशी? प्रश्न प्रामाणिक होता म्हणून उत्तर इथे देतो. पहिलं म्हणजे, अर्धनारीनटेश्वराचा अर्धा भाग गळून पडलेली मूर्ती कुणी घडवली नाही. ते एकत्व मोडत नाही म्हणूनच पूजनीय आहे. दुसरं, भृंगीची गोष्ट. भाचीच्या अंगात हाडं बापाची आणि रक्त आईचं असेल, तर त्या बोहल्यावर भावजी हजर असणारच आहेत, सुपारीशिवाय. आणि तिसरं, तुळजाभवानीला आपण कधी म्हणत नाही की बाई, तू एकटी, तेव्हा मागे बस.

तर घरातल्या मंडळींना माझी विनंती अशी. कन्यादानाला ताईला बसू दे. काका-काकूंनीही तिच्या शेजारी बसावं, हात लावायला तीन माणसं झाली तर बिघडलं कुठे? गुरुजींशी मी बोललो आहे. ते म्हणाले, "घरच्यांची संमती असेल तर माझी हरकत नाही, आईचा संकल्प मी सांगेन." कन्यादान हा शब्दच नको असं भाचीचं म्हणणं आहे आणि त्यावर तिच्याशी माझी वेगळी चर्चा चालू आहे, तो पुढच्या लेखाचा विषय!

बसायचं की नाही हे अर्थात ताईने ठरवायचं. तिला मागच्या खुर्चीवरच बरं वाटत असेल तर तेही ठीक. पण निदान तिला विचारायला तरी हवं, आणि सर्वांच्या वतीने विचारायला हवं. येत्या रविवारी सगळे आमच्याकडे जमणार आहेत. याद्या, पत्रिका, मेनू सगळं आहेच. सगळ्यात आधी हे विचारू या.